रक्ताच्या थेंबापासून : पुण्यात जन्मलेल्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेची वाटचाल

पुनावळ्यात आता गोठा शोधावा लागतो. कोयते वस्तीच्या कडेला किंवा काटे वस्तीच्या मागे, दोन उंच इमारतींच्या मधल्या पट्ट्यात पत्र्याची शेड दिसते. आत चार होल्स्टिन गाई, एखादी म्हैस, एखाद्या हौशी घरी शर्यतीच्या खिल्लारांची जोडी. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, बायपास गावाला लागून गेला, पलीकडे हिंजवडी वाढली. शेते गेली तशी जनावरेही घटली. जी राहिली ती मात्र लाखमोलाची आहेत. दुभती गाय आठवडाभर बसून राहिली तर घराचा महिना कसा निघतो, हे गोठेवाल्यांना मी सांगायला नको.

पशुपालकांच्या या स्मरणिकेसाठी एखाद्या संस्थेचा इतिहास लिहा, असे संपादक मंडळींनी सुचवले. माझे सारे नोकरीचे आयुष्य प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे गेले, तेव्हा मला एकच संस्था आठवणार. आज ती उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला आहे आणि तिचे नाव भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. पण तिचा जन्म आपल्या पुण्यातला. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाने ती सुरू झाली. तिने सुरुवातीला जी कामे हाती घेतली, त्यांतले एक जनावराच्या रक्तात राहणाऱ्या एका परजीवीचे होते. आपल्या गाईच्या कानाला सुई टोचून डॉक्टर जो थेंब काचेवर घेतात, त्याची कुळकथा तिथपर्यंत जाते.

ही कथा पुण्याच्याही नऊ वर्षे आधी, वायव्य सरहद्दीवर सुरू होते. डेरा इस्माईल खान भागात लष्कराचे घोडे आणि उंट एका विचित्र रोगाने मरत होते. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. जनावर खात राहायचे आणि तरी वाळत जायचे, पायांवर आणि पोटाखाली सूज यायची, शेवटी उठणे बंद. त्या भागात या रोगाला 'सर्रा' म्हणत. ग्रिफिथ इव्हान्स हे वेल्समधले लष्करी पशुवैद्य तपासासाठी तिथे गेले. त्यांनी आजारी घोड्याच्या रक्ताचा ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तांबड्या पेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळत होते आणि शेजारच्या पेशींना धक्के देत होते. वर्ष १८८०. ते रक्त त्यांनी निरोगी जनावराला टोचले, त्यालाही तोच रोग झाला. सस्तन प्राण्यात ट्रिपॅनोसोम या जातीच्या जीवामुळे रोग होतो, हे जगात पहिल्यांदा दिसले ते इथे.

वरिष्ठांनी ते मानले नाही. त्यांच्याजवळ कारणही होते. कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी १८७८ मध्ये उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते आणि ते उंदीर ठणठणीत होते. मग घोड्याच्या रक्तातले किडे घोड्याला मारतात हे कशावरून? इव्हान्स आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. त्यांना आयुष्यही भरपूर लाभले, १९३५ मध्ये वयाची शंभरी पूर्ण करून ते गेले. त्या जीवाला आज सारे जग 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी' म्हणते.

'सर्रा' या शब्दाबद्दल थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजी शब्दकोशांत तो शब्द रूढ आहे, आणि त्यांतल्या काही नामांकित कोशांनी त्याचे मूळ मराठी 'सूर' या शब्दात दाखवले आहे, नाकपुडीतून येणारा श्वासाचा सूर या अर्थाने. दमलेल्या, ताप भरलेल्या जनावराजवळ रात्री बसलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा असतो. शब्दाच्या उगमाबद्दल दुसरी मतेही आहेत, पण मला हे मत जवळचे वाटते.

इव्हान्स यांच्या निष्कर्षाला पुढचा दुजोरा मिळाला तो जॉन हेन्री स्टील यांच्याकडून. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्करी खेचरांचा असाच रोग त्यांनी तपासला, रक्तात तोच जीव पाहिला आणि त्याला इव्हान्स यांचे नाव दिले. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. ताप चढतो तेव्हा रक्तात जीव दिसतात, ताप उतरला की तेही दिसेनासे होतात, पुन्हा ताप आला की पुन्हा दिसतात. एकशे चाळीस वर्षांपूर्वीची ही नोंद आहे आणि आजही रक्त केव्हा घ्यायचे याचा पहिला नियम तोच आहे : ताप अंगात असताना घ्या. हेच स्टील पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. आपल्या राज्यातल्या पशुवैद्यांच्या कितीतरी पिढ्या त्या महाविद्यालयातून बाहेर पडल्या.

पुण्याला प्रयोगशाळा आली त्याचे मोठे कारण मात्र सर्रा हे नव्हते. देशभर बुळकांडी या साथीच्या रोगाने गाई-बैलांचा संहार चालवला होता. सरकारने नेमलेल्या गुरांच्या साथीविषयीच्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला आणि जनावरांच्या रोगांचा शास्त्रीय शोध घेणारी व्यवस्था हवी, हा विचार त्यातून पुढे आला. प्रत्यक्षात यायला अठरा वर्षे लागली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे पहिले 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिस्ट'. त्यांनी बुळकांडीबरोबर सर्राचाही पिच्छा पुरवला. घोड्यांच्या सर्रावरचा त्यांचा सविस्तर अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोमलाच्या औषधांनी या रोगाला आळा बसतो का, यावरही त्यांनी बरेच काम केले. औषधाचा गुण आला की नाही हे ठरवायचे कशावरून, तर रोजच्या रोज रक्त पाहून. जनावर उठून वैरण खाऊ लागले एवढ्यावर समाधान मानायचे नाही, रक्तातला जीव गेला का ते बघायचे. ही शिस्त या संस्थेच्या पायातच आहे.

पुण्यातला मुक्काम चारच वर्षांचा ठरला. झपाट्याने पसरणाऱ्या रोगांचे जंतू भर वस्तीत हाताळणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवर नेली. तिथे १८९७ मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख येऊन गेले. १८९९ मध्ये मुख्य इमारत आगीत जळाली आणि पुन्हा उभी राहिली. त्याच काळात लिओनार्ड रॉजर्स यांनी दाखवून दिले की सर्राचा जीव एका जनावरातून दुसऱ्यात नेण्याचे काम टॅबॅनस ही मोठी, कडाडून चावणारी माशी करते. हे काम १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले. माशीच्या सोंडेला लागलेले ताजे रक्त हीच तिची सुई. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना सर्रा का वाढतो, याचे उत्तर त्यात आहे.

मुक्तेश्वरच्या पुढल्या इतिहासावर पुस्तके होतील, मी इथे धावतो. इज्जतनगरचे केंद्र १९१३ मध्ये आले, १९२७ मध्ये एडवर्ड्स यांनी शेळीच्या ऊतींवर वाढवलेली बुळकांडीची लस दिली, स्वातंत्र्यानंतर नावातला 'इम्पीरियल' जाऊन 'इंडियन' आला. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. आपल्या आजोबांच्या पिढीने बुळकांडीत रिकामे झालेले गोठे पाहिले होते, आपल्या मुलांना तो शब्दही माहीत नाही. एका संस्थेच्या खात्यावर याहून मोठी जमा काय असू शकते!

एक मराठी नाव मात्र मुद्दाम नोंदवतो. जी. डी. भालेराव हे याच संस्थेतले कृमितज्ज्ञ. भारतातल्या पाळीव जनावरांच्या कृमींवरचा त्यांचा ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. कृमी, म्हणजे जंत आणि यकृतातले पर्णकृमी, यांचे निदान मुख्यतः शेणातून होते, कारण त्यांची अंडी शेणात येतात. रक्ताच्या काचेवर ते दिसत नाहीत. "स्लाइड काढली, काही निघाले नाही, मग जंत पण नसतील," असे म्हणणारे पशुपालक मला अनेकदा भेटले. रक्ताची तपासणी वेगळी, शेणाची वेगळी. अशक्त, पांढऱ्या पडलेल्या जनावराची दोन्ही करावी.

१९३० च्या दशकात प्रांतोप्रांती पशुरोग अन्वेषण अधिकारी नेमले गेले आणि मुक्तेश्वरची विद्या जिल्ह्यांकडे येऊ लागली. आपल्याकडे या कामाचे घर म्हणजे औंध. पशुसंवर्धन आयुक्तालय, रोग अन्वेषण विभाग आणि लस बनवणारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था तिथेच आहेत. पुढे केंद्राने देशात पाच विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा उभ्या केल्या, त्यांतली पश्चिम विभागाची पुण्याला, औंधलाच आली. बाकी चार कोलकाता, जालंधर, बंगळूर आणि गुवाहाटी. १८९३ मध्ये पुण्याबाहेर गेलेली विद्या अशी पुण्यात परत आली. पुनावळ्याच्या माणसाला ती तासाभराच्या अंतरावर आहे.

आता आपल्या गोठ्याकडे येतो. गावठी गाईला गोचीड असायचेच, तिच्या रक्तात त्यांनी सोडलेले जीवही असायचे, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने ती ते सोसायची. १९७० नंतर दूध महापूर योजना आली, होल्स्टिन आणि जर्सीचे रक्त गावोगाव पोहोचले. पिंपरीला लष्कराचा डेअरी फार्म होता, ताथवड्याला सरकारी वळू माता प्रक्षेत्र आहे, उरुळी कांचनहून बायफ या संस्थेचे काम पसरत होते, त्यामुळे आपल्या पट्ट्यात संकरित गाय लवकर रुजली. दूध वाढले, घरे उभी राहिली. पण परदेशी रक्ताच्या या गाईला इथल्या गोचिडाची सवय नव्हती. ज्याला आपण गोचीड ताप म्हणतो तो थायलेरिया तिला आडवी करू लागला. बॅबेसिया हा दुसरा, त्यात लघवी कॉफीसारखी होते. ॲनाप्लाझ्मा तिसरा. तो खरे तर जीवाणू, पण तोही तांबड्या पेशीत राहतो आणि गोचिडाबरोबर येतो, म्हणून तपासणीत या दोघांच्या पंगतीला बसतो. सर्रा चौथा. चौघांतही ताप, चौघांतही जनावर खाणे सोडते, दूध आटते. औषध मात्र एकाचे दुसऱ्याला चालेलच असे नाही. थायलेरियाला बुपारव्हाक्वोन लागते, बॅबेसियाला डिमिनाझीन, ॲनाप्लाझ्माला टेट्रासायक्लिन गटातले औषध, सर्राला क्विनापायरामिन. बाहेरून चारही आजार सारखे दिसतात, काचेवर ते वेगळे होतात.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात वडिलांनी कर्ज काढून एक संकरित गाय आणली होती. दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचे मिळून चौदा लिटर देणारी. ज्येष्ठात तिला ताप भरला. उपचाराला आलेल्या गृहस्थांनी तीन दिवस प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली. ताप हलला नाही. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झाली होती, आई रोज त्यावर हात फिरवायची आणि "इथं काहीतरी आलंय" म्हणायची. कोणी लक्ष दिले नाही. पाचव्या दिवशी पहाटे गाय गेली. नंतर दुसरे एक डॉक्टर आले, त्यांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, "स्लाइड काढली होती का?" वडिलांना स्लाइड म्हणजे काय ते माहीत नव्हते. मलाही नव्हते. कर्जाचे हप्ते पुढे दोन वर्षे चालू होते. मी या कामात आलो तो त्या प्रश्नामुळे.

म्हणून स्लाइड कशी होते ते इथे लिहून ठेवतो. कानाच्या कडेची बारीक शीर बघायची, केस कातरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि तो ओलावा पूर्ण सुकू द्यायचा. स्पिरिट ओले राहिले की रक्त बिघडते. सुईने टोचायचे. मोठा थेंब नको, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहानच बरा. तो स्वच्छ काचपट्टीच्या एका टोकाला घ्यायचा. दुसऱ्या पट्टीची गुळगुळीत कड थेंबाच्या पुढे तिरपी धरून मागे आणत थेंबाला टेकवायची, रक्त कडेभर आपोआप पसरते, आणि मग न थांबता, न दाबता ती पट्टी पुढे सरकवायची. चांगला लेप जिभेच्या आकाराचा होतो, टोकाला इतका पातळ की त्यातून वर्तमानपत्राची अक्षरे वाचता यावीत. हवेत हलवून तो लगेच सुकवायचा. पावसाळ्यात हे चुकले तर दमट हवेत पेशी फुटतात. आणि माश्या! गोठ्यात पट्टी उघडी ठेवून हात धुवायला गेलात तर परत येईपर्यंत माश्या लेप चाटून साफ करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सुकलेल्या पट्टीवर जनावराचा बिल्ला क्रमांक आणि तारीख पेन्सिलीने लिहायची, कागदात गुंडाळायची. फॉर्मालिनच्या बाटलीशेजारी ती कधीही ठेवू नये, नुसत्या वाफेने रंग धरेनासा होतो.

प्रयोगशाळेत पट्टी मिथेनॉलमध्ये बुडवून पक्की करतात, मग गिम्सा नावाच्या निळ्या-गुलाबी रंगात अर्धा-पाऊण तास ठेवतात. गुस्ताव्ह गिम्सा यांनी ही कृती १९०४ मध्ये दिली आणि तिच्यावाचून आमचे आजही चालत नाही. तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठे करून पाहिले की गुलाबी पेशींचे मैदान उघडते. पेशीत अंगठीसारखे किंवा स्वल्पविरामासारखे बारीक ठिपके असले तर थायलेरिया. टोकाशी जुळलेली नासपतीसारखी जोडी दिसली तर बॅबेसिया. पेशीच्या अगदी कडेला गडद टिंब असले तर ॲनाप्लाझ्मा. आणि पेशींच्या बाहेर, दोन-चार पेशींएवढा लांब, नागमोडी फितीसारखा पडलेला दिसला तर तो सर्रा, इव्हान्स यांनी पाहिला तोच. ताज्या थेंबात तो जिवंत पाहायला मिळाला की अजूनही अंगावर काटा येतो. पेशी थरथरताना आधी दिसतात, मग त्यांना ढकलणारा तो दिसतो.

आमच्या गाईच्या गाठीचे कोडेही मला इथेच उलगडले. थायलेरिया आधी लसिका ग्रंथींतल्या पांढऱ्या पेशींत वाढतो आणि तांबड्या पेशींत नंतर येतो. आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्ताची पट्टी निरोगी दिसू शकते, आणि त्याच वेळी सुजलेल्या गाठीत सुई घालून घेतलेल्या लेपात निळे पुंज दिसतात. त्यांना 'कॉखचे निळे पुंज' म्हणतात, मुक्तेश्वरला येऊन गेलेले तेच कॉख. आईचा हात बरोबर जागी फिरत होता.

पट्टीला मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. रक्तात जीव थोडे असले तर तासभर बघूनही सापडत नाहीत. आजारातून उठलेले जनावर वरून धडधाकट असते, पण त्याच्या रक्तात जीव दबा धरून राहतात, प्रवासाचा किंवा विण्याचा ताण आला की उसळतात. बाजारातून शर्यतीचा बैल आणला आणि पंधरा दिवसांत तापाने पडला, याचे कारण पुष्कळदा तो येतानाच घेऊन आलेला असतो. अशा वेळी पातळ नळीतले रक्त गरगर फिरवून वरच्या थरात जीव शोधतात, एलायझा चाचणीने प्रतिपिंडे पाहतात किंवा पीसीआरने जीवाचा जनुकीय अंश पकडतात. पीसीआर फार सूक्ष्म आहे. प्रतिपिंडे रोग गेल्यावरही काही महिने राहतात, म्हणून एलायझात ती दिसली की लगेच औषध, असे करायचे नसते. जनावराचा ताप, गाठी, डोळ्यांचा पांढरेपणा आणि चाचणी हे सगळे एकत्र ठेवून डॉक्टर ठरवतात.

जनावराच्या रक्ताची ही विद्या माणसालाही उपयोगी पडली, आणि ती घटना आपल्याच राज्यातली आहे. २००४ च्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनी गावचा एक शेतकरी महिनोन्‌महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने आजारी होता. त्याच्या रक्तात जे दिसले ते ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी निघाले. गुरांचा सर्रा माणसाला झाल्याचे भारतातले हे पहिले नोंदलेले उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरामिन हे औषध आले, उपचार नागपुरात झाले आणि माणूस बरा झाला. मग प्रश्न आला गावाचा. १,८०६ गावकऱ्यांचे रक्त तपासले ते मुळात गुरांच्या सर्रासाठी बनवलेल्या कार्ड चाचणीने. सुरुवातीच्या तपासणीत ४१० जणांत प्रतिक्रिया दिसली. ज्यांची प्रतिक्रिया जास्त जोरदार होती अशा ६० जणांच्या रक्तात जीव शोधला, तो एकाच्याही रक्तात सापडला नाही. गावाने निःश्वास सोडला असेल. त्या शेतकऱ्यालाच हा रोग का झाला याचे उत्तर २००६ मध्ये मिळाले. माणसाच्या रक्तात या जीवाला मारणारे एक प्रथिन असते, आणि या शेतकऱ्याच्या रक्तात ते नव्हते. लिंगार्ड यांच्या पुण्यातल्या कामापासून सिवनीच्या कार्डापर्यंत सव्वाशे वर्षांहून थोडा कमी काळ गेला, शत्रू तोच होता.

लोक मला विचारतात, आता पुनावळ्यात गाई उरल्या किती, आणि या सगळ्याचे काय घेऊन बसलात? माझे म्हणणे उलट आहे. गाई कमी आहेत, दाटीवाटीने बांधलेल्या आहेत, चरायला बाहेर जात नाहीत आणि गोचीड गोठ्याच्या भिंतीतच अंडी घालतो. विटांच्या फटी, गव्हाणीखालची भेग, दाव्याच्या खुंट्याभोवतीची माती, ही त्याची घरे. एका गोठ्यात तो शिरला की दावणीची सगळी जनावरे धोक्यात येतात. अंगावर औषध फवारले आणि भिंती तशाच ठेवल्या तर तीन आठवड्यांत गोचीड परत दिसतो. फटी लिंपा, भिंतींवरही फवारा, आणि नवीन आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधून त्याचे रक्त तपासून घ्या. थायलेरियाची लस आहे, ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. संकरित कालवडींना ती देण्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला.

तपासणीतली सर्वांत मोठी चूक आजही तीच होते, जी आमच्या घरी झाली. आधी इंजेक्शन दिले जाते, दोन दिवस वाट पाहिली जाते, गुण नाही आला की मग कोणाला तरी स्लाइड आठवते. तोवर औषधाने रक्तातले जीव कमी झालेले असतात, काच कोरी निघते आणि रोगाचे नाव कळत नाही. डॉक्टर घाईत असतात, त्यांना दहा गोठे करायचे असतात, मला ते कळते. म्हणून हे काम पशुपालकानेच अंगावर घ्यायचे आहे. डॉक्टरांना फोन केलात की तापाचा आकडा सांगा, खांद्यापुढची गाठ हाताने चाचपून सांगा, आणि ते आले की सुई भरण्याआधी नम्रपणे म्हणा, "डॉक्टरसाहेब, आधी कानाची स्लाइड घ्या." दोन पट्ट्या घ्यायला सांगा, एक फुटली तर दुसरी असते. रक्ताची नळी घेतली असेल तर ती बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका. सकाळी धारा झाल्यावर निघालात तर वाकड, जगताप डेअरी, रक्षक चौक करत दुपारच्या आत औंधला पोहोचता येते.